पावसाळ्यापूर्वी टायरची किनार वाचा

आपण कापडवाले लोक थान हाती घेतले की आधी किनार पाहतो. मिलचा छाप बघतो, पन्ना मोजतो, सुताचा नंबर विचारतो आणि कोपरा दोन बोटांत चोळून खळ किती आहे याचा अंदाज घेतो. खळ भरून जड केलेले कापड पहिल्या धुलाईतच आपले खरे रूप दाखवते, हा धडा आपल्याला वडीलधाऱ्यांनी दुकानाच्या गादीवरच दिलेला असतो. पण हाच चोखंदळ माणूस गाडीचे टायर घ्यायला गेला की एकच प्रश्न विचारतो, "काय भाव?" दुकानदार काळे चकचकीत टायर पुढे ढकलतो, आपण पाच-दहा टक्के कमी करून घेतो आणि फायद्यात राहिलो असे समजून घरी येतो. त्या चकाकीखाली खळ किती आहे ते कोणी पाहत नाही.

मीही पाहिले नव्हते. २०१९ च्या जुलै महिन्यात नमुन्याचे गठ्ठे घेऊन आम्ही मालेगावहून मुंबईला निघालो होतो. पुतण्या गाडी चालवत होता, मी शेजारी, मेहुणे मागच्या सीटवर. चारपैकी दोन टायर नवे घेतले होते आणि ते रिवाजाप्रमाणे पुढे लावले होते. मागचे दोन एका जुन्या टायरच्या दुकानातून घेतलेले. "नव्यासारखेच आहेत, खाचा बघा किती खोल," असे दुकानदाराने सांगितले होते. कसारा घाट उतरताना पाऊस जोराचा, पण वेग पन्नासच्या वर नव्हता. वळणावर पुतण्याने हलका ब्रेक दाबला. पुढची चाके रस्त्याला धरून राहिली आणि मागची बाजू सरकत सरकत पुढे येऊ लागली. गाडी आडवी होऊन कठड्याला धडकली. मेहुण्यांचे गळ्याजवळचे हाड मोडले, मागची काच फुटून सारे गठ्ठे भिजले, आणि त्या दिवशीचा वायदा चुकला तो वेगळाच. दोन टायरमागे जे पैसे वाचले होते, त्याच्या कितीतरी पट दवाखान्यात आणि गॅरेजमध्ये गेले. गॅरेजच्या मिस्त्रीने मागचे टायर उतरवून दाखवले. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने नव्या खाचा कापल्या होत्या आणि वरून पॉलिश मारले होते. एका खाचेच्या तळाशी आतला धागा दिसत होता.

तेव्हापासून टायर घेताना मी थानासारखीच त्याची किनार वाचतो. जो तजुर्बा महागात मिळाला, तो आपल्या व्यापारी बंधूंना फुकट मिळावा म्हणून हा लेख.

खाचांचे काम काय?

चालत्या गाडीचे प्रत्येक चाक रस्त्याला तळहाताएवढ्याच जागेत टेकलेले असते. गाडीचे वजन, ब्रेक, वळण सारे त्या चार तळहातांवर. कोरड्या रस्त्यावर रबर स्वतः पकड घेते. ओल्या रस्त्यावर मात्र आधी मधले पाणी बाजूला सरायला हवे, तेव्हा कुठे रबर डांबराला भेटते. ते पाणी वाहून नेणारी गटारे म्हणजे या खाचा.

हिशेब करून बघा. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे, टायरचा टेकणारा पट्टा १५० मिलिमीटर रुंद आहे आणि वेग ताशी ८० किलोमीटर आहे असे धरू. एका चाकाला सेकंदाला सुमारे १० लीटर पाणी बाजूला करावे लागते. खाचा बुजत आल्या की हे पाणी निघत नाही, टायरखाली पाचरीसारखे शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. त्या क्षणी स्टिअरिंग हलके लागते आणि ब्रेकचा उपयोग राहत नाही.

अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात विमानाच्या चाकांवर याचे प्रयोग केले. त्यातून निघालेल्या सूत्राने, पाणी भरपूर साचले असेल आणि टायर गुळगुळीत असेल तर ३० पीएसआय हवेचे चाक ताशी साधारण ९१ किलोमीटरला तरंगू लागते. हवा २५ पीएसआय असेल तर हाच आकडा ८३ वर येतो. म्हणजे हवा कमी, तर धोका लवकर. आणि पूर्ण तरंगण्याच्या कितीतरी आधीपासून पकड ढिली पडू लागते. आमचे घाटात तेच झाले.

कायदा १.६ म्हणतो, पाऊस ३ म्हणतो

मोटारीच्या नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ही खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी होता कामा नये. दुचाकी आणि तीनचाकीला ०.८ ची मर्यादा आहे. प्रत्येक टायरच्या खाचेत आडवे छोटे उंचवटे असतात आणि टायरच्या कडेला त्यांची जागा दाखवणारा त्रिकोण किंवा टी डब्ल्यू आय ही अक्षरे असतात. झीज त्या उंचवट्यापर्यंत आली की टायर कायद्याने संपला.

पण कायदा संपण्याची हद्द सांगतो, पावसात चांगले चालण्याची नव्हे. इंग्लंडमध्ये झालेल्या चाचण्यांत असे दिसले की १.६ पर्यंत झिजलेल्या टायरवर ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर जवळजवळ नव्या टायरपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक वाढते. म्हणून पावसासाठी ३ मिलिमीटर ही हद्द मानावी, असा जाणकारांचा सल्ला असतो.

आता व्यापाऱ्याचा प्रश्न: उरलेले रबर फेकून द्यायचे का? ८ पासून १.६ पर्यंत वापरायचे रबर ६.४ मिलिमीटर. ३ वर टायर बदलला तर १.४ मिलिमीटर वाया गेले, म्हणजे किमतीच्या साधारण बावीस टक्के. टायर पाच हजारांचा धरला तर अकराशे रुपये, चारही मिळून साडेचार हजारांच्या आत. माझ्या मेहुण्यांच्या एका एक्सरेनंतरचा खर्च याहून जास्त होता.

शिवाय थोडी योजना केली तर हे पैसेही वाया जात नाहीत. दिवाळीच्या सुमारास टायर ३ वर आला असेल तर कोरडे सात महिने तो खुशाल चालवा आणि मृगाच्या आधी बदला. मे महिन्यात साडेतीन वर असेल तर मात्र "हा पावसाळा काढू" असे म्हणू नका. आपण जसा सणाचा माल दोन महिने आधी भरतो, तसा टायर पावसाच्या आधी भरावा. ऐन जुलैमध्ये घाटात शहाणपण सुचून फायदा नाही.

खोली मोजायला टायरच्या दुकानात छोटे मापक मिळते. ते नसेल तर शून्याची खूण अगदी टोकाला असलेली बारीक लोखंडी पट्टी चालते. आतली, मधली आणि बाहेरची अशा तीन जागा मोजा. मधोमध झीज जास्त असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडांना जास्त असेल तर हवा कमी राहते. एकाच कडेला असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे. ते न सुधारता नवा टायर टाकला तर तोही तसाच जाईल.

किनारीवर काय लिहिले आहे?

समजा टायरच्या बाजूला १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले आहे. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, आपल्या भाषेत पन्ना. ६५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा इंचात व्यास. ८८ हा वजनाचा अंक. त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची मर्यादा.

यातला वजनाचा अंक आपल्या लोकांनी विशेष पाहावा. मागची सीट पाडून थाने भरायची आपल्याला सवय आहे. दुकानदार कमी अंकाचा टायर स्वस्तात देतो, मापाला तो बसतोही, पण भरल्या गाडीत तो तापतो. गाडीच्या पुस्तिकेत किंवा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर जो अंक आहे त्याच्या खाली जाऊ नका. भरल्या गाडीची हवा किती ठेवायची तेही तिथेच लिहिलेले असते.

दुसरी गोष्ट तारीख. लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. २३२५ असेल तर टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर पडून राहिले तरी म्हातारे होते, आपल्याकडच्या उन्हात तर लवकरच. कडक झालेले रबर खाचा शाबूत असूनही ओल्यात घसरते. "न वापरलेला टायर" म्हणून सहा वर्षांपूर्वीचा माल कोणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा. पाच वर्षे झालेल्या टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि स्टेपनीचीही तारीख पाहावी. बहुतेक गाड्यांत सर्वांत म्हातारा टायर डिकीतच झोपलेला असतो.

तिसरी गोष्ट आय एस आय छाप. मोटारीच्या टायरला आपल्याकडे हा छाप सक्तीचा आहे आणि त्यासोबत आय एस १५६३३ हा क्रमांक असतो. बाहेरून आलेल्या नव्या टायरवरही तो हवा. त्याखेरीज १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरना ओल्या रस्त्यावरील पकडीची कसोटीही लागू झाली आहे. म्हणून अलीकडच्या तारखेचा टायर घेणे दोन्ही बाजूंनी चांगले.

नक्षी आणि रुंदी

पावसासाठी टायर निवडताना गोल फिरणाऱ्या तीन-चार रुंद, खोल आणि अखंड खाचा असलेली नक्षी पाहा. त्यांना बाजूच्या कडांपर्यंत जाणाऱ्या तिरप्या खाचा जोडलेल्या असाव्यात, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. काही टायरवर बाण असतो. तो चाक ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला हवा. काहींवर बाहेरची बाजू कोणती ते लिहिलेले असते. घाईत मुलाने उलटा बसवला तर महागड्या नक्षीचा निम्मा उपयोग गेला.

घरातल्या जवान मुलांना रुंद टायरची हौस असते. गाडी दणकट दिसते हे खरे, पण रुंद टायरला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला करावे लागते, त्यामुळे साचलेल्या पाण्यात तो लवकर तरंगतो. कंपनीने दिलेले माप बदलू नये.

नवे दोन टायर मागे लावा

ही गोष्ट ऐकून आमच्या पुतण्याचाही विश्वास बसला नव्हता. चार टायर एकदम घेणे सर्वांना जमत नाही, दोनच घेतले तर बहुतेक लोक पुढे लावतात. "ओढ पुढच्या चाकांची, म्हणून चांगले पुढे" हा हिशेब. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते, चालकाला कळते, तो वेग सोडून सावरू शकतो. मागची चाके घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि ते सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून गाडीची ओढ पुढे असो वा मागे, जास्त खोल खाचांची जोडी मागेच हवी, असे मोठे टायर कारखानेही सांगतात. आम्ही हे उलटे केले होते, त्यात मागची जोडी खोटी. घाटाने दोन्ही चुकांची वसुली एकदम केली.

जुन्या बाजाराची खळ

जुने टायर विकणारे सगळे फसवतात असे नाही. पण ओळख ठेवावी. खाचा खोल दिसतात आणि तळाशी उंचवटे नाहीतच किंवा कापलेले आहेत, तर समजा पात्याने काम केले आहे. खाचेचा तळ खडबडीत आणि खोली कमीजास्त लागेल. ओल्या फडक्याने पुसा, पॉलिश उतरले की बारीक भेगा दिसतील. आतून हात फिरवा, ठिगळ कुठे लागले आहे ते कळेल. ट्रकच्या काही टायरमध्ये पुन्हा खाचा कापता याव्यात म्हणून जादा रबर मुद्दाम ठेवलेले असते आणि तसे त्यावर लिहिलेले असते. मोटारीच्या टायरमध्ये ते नसते. तिथे कापले की थेट धाग्याजवळ पोचतो. तसेच ट्रक-टेम्पोच्या टायरवर चांगल्या कारखान्यात रबर चढवणे हा वेगळा, मान्य धंदा आहे. त्याचे उदाहरण देऊन कोणी मोटारीला रिमोल्ड सुचवले तर घाटाच्या प्रवासासाठी घेऊ नका.

काश्मीरला जाणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी अनेकांचा शालींच्या आणि गरम कापडाच्या निमित्ताने श्रीनगरशी व्यवहार असतो. वसुलीसाठी हिवाळ्यात जाणे होते आणि काही जण आता स्वतःची गाडी घेऊन जातात. त्यांनी लक्षात ठेवावे की पावसाचा चांगला टायर बर्फाचा टायर नव्हे. आपल्या टायरचे रबर उष्णतेसाठी घडवलेले असते. सुमारे ७ अंशांच्या खाली ते कडक होऊ लागते. बर्फाच्या टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीवर असंख्य बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात.

जाडजूड टायरवर एम प्लस एस असे लिहिलेले दाखवून विक्रेते "बर्फाचा टायर" म्हणून भाव सांगतात. त्या अक्षरांचा अर्थ चिखल आणि बर्फ, पण तो कारखान्याचा स्वतःचा दावा असतो, त्यामागे बर्फावरची कसोटी असेलच असे नाही. खरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ती बर्फावरची परीक्षा दिलेल्या टायरलाच मिळते. जर्मनीत हिवाळी टायर म्हणून आता हीच खूण मानतात, नुसते एम प्लस एस तिथे चालत नाही. ऑस्ट्रियात तर हिवाळी रेडियल टायरच्या खाचा ४ मिलिमीटरच्या खाली गेल्या की तो हिवाळी टायर मानलाच जात नाही.

मग असा टायर घ्यावा का? माझे मत, मालेगाव-भिवंडीच्या माणसाने घेऊ नये. ते मऊ रबर आपल्या एप्रिल-मेच्या रस्त्यावर भराभर झिजेल आणि ब्रेकही ढिला वाटेल. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ले कलानची कडक थंडी असते. त्या काळात बर्फ पडले की तंगमर्ग ते गुलमर्ग रस्त्यावर चारही चाकांना ओढ असलेल्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच प्रशासन सोडते. तिथे स्थानिक गाडी आणि स्थानिक चालक घेणे सर्वांत स्वस्त. स्वतःची गाडी असेल तर आपल्या मापाच्या साखळ्या जवळ ठेवा आणि निघण्यापूर्वी घरीच एकदा लावून बघा. साखळ्या ओढणाऱ्या चाकांना लावायच्या, वेग अगदी कमी ठेवायचा आणि मोकळा रस्ता लागताच काढायच्या. थंडीत हवाही उतरते, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय. म्हणून मुंबईत भरलेल्या हवेवर भरोसा न ठेवता तिथे सकाळी थंड चाकावर पुन्हा मोजा.

खरेदीच्या दिवशी

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे बिनबिलाच्या मालाचा मोह आणखी कमी व्हायला हवा. पक्के बिल घ्या, त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्या. माल सदोष निघाला तर कारखान्याकडे दाद मागायला तोच कागद लागतो. ट्यूबलेस टायरसोबत व्हॉल्व्ह नवा टाका, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट समोर उभे राहून करून घ्या. पहिले काही दिवस नवा टायर सांभाळून चालवा, त्याच्या वरची गुळगुळीत साय जायला थोडा वेळ लागतो.

समृद्धी महामार्गामुळे वेग वाढला आहे. तिथे २०२३ मध्ये परिवहन विभागाने गाड्यांचे टायर तपासून गोटा झालेल्यांना परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा पुष्कळांनी कुरकुर केली. मी केली नाही. जे काम मी स्वतः करायला हवे होते ते दुसरा कोणी माझ्यासाठी करत असेल तर त्याचा राग कसला?

मेहुणे बरे झाले, पण पावसाळी हवेत त्यांचा खांदा अजून दुखतो. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस ते दुकानावर येतात आणि गादीवर बसण्याआधी बाहेर उभ्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ वाकतात. लोखंडी पट्टी खाचेत घालून आकडा मोठ्याने वाचतात. गेल्या वर्षी त्यांनी "तीन" म्हटले आणि मी त्याच संध्याकाळी टायर बदलले. आपल्या गाडीजवळ या रविवारी असेच एकदा वाकून बघावे, एवढीच वाचक बंधूंना विनंती.